स्वतःचा ट्रक, स्वतःच चालक: पैसा नेमका कुठे मुरतो? या चुका टाळा

महिनाभर ट्रक पळतोय, भाडी मिळतायत, खात्यात रक्कमही येतेय, आणि तरी हप्त्याची तारीख जवळ आली की जीव टांगणीला लागतो. स्वतःचा ट्रक स्वतः चालवणाऱ्यांकडून ही तक्रार मी खूपदा ऐकली आहे आणि स्वतःही भोगली आहे. त्यामुळे आता समोरच्याला मी आधी एकच गोष्ट विचारतो: तुमचा ट्रक एक दिवस नुसता उभा राहिला तर खर्च किती होतो? किलोमीटरला किती पडतं ते बहुतेकांना तोंडपाठ असतं. दिवसाचा आकडा मात्र फार थोड्यांकडे असतो.

ट्रकचा खर्च दोन वेगळ्या मापांनी वाढतो. डिझेल, टायर, ऑइल, टोल, दुरुस्ती हे सगळं किलोमीटरवर. हप्ता, विमा, कर, परवाने, पार्किंग आणि तुमची स्वतःची मजुरी हे सगळं दिवसावर. चाक फिरो न फिरो. भाडं ठरतं ते तिसऱ्याच मापानं, फेरीवर किंवा टनावर. ही तीन मापं एका कागदावर आणली नाहीत, तर प्रत्येक फेरी फायद्याचीच वाटते.

चूक: जाण्याचं भाडं पाहून होकार देणं

हिशेब पैशांऐवजी डिझेलच्या लिटरमध्ये करून बघा. डिझेलचा भाव बदलला तरी हिशेबाची मांडणी तीच राहते, आणि भाडं खरंच वाढलंय की नुसतं वाढल्यासारखं वाटतंय तेही कळतं.

समजा 600 किलोमीटरची फेरी आहे. भरलेला 40 टनी ट्रक लिटरला 3 किलोमीटर देतो, म्हणजे जाताना 200 लिटर. मिळणारं भाडं 500 लिटर डिझेलच्या किमतीएवढं. वरवर पाहता 300 लिटर उरले. आता परतीचा माल मिळाला नाही आणि ट्रक रिकामाच आणावा लागला, तर साडेचारच्या अॅव्हरेजनं आणखी 133 लिटर गेले. उरले 167. भरणं, जाणं, खाली करणं आणि परत येणं यात 4 दिवस गेले. मजुरी सोडून दिवसाचा ठरलेला खर्च 35 लिटरच्या बरोबरीचा धरला, तर 140 आणखी वजा. उरले 27. टायर, ऑइल आणि दुरुस्तीसाठी किलोमीटरला फक्त 0.05 लिटर बाजूला काढले तरी 1200 किलोमीटरचे 60 होतात. फेरी 33 लिटर तोट्यात गेली, आणि तुमची मजुरी यात अजून धरलेलीच नाही.

हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे वेगळे असतील. पण वजाबाकी याच क्रमानं करा. रिकामे किलोमीटर आणि दिवस ही दोन्ही होकार द्यायच्या आधीच भाड्यातून वजा झाली पाहिजेत. परतीचा माल कमी भाड्याचा असला तरी तो डिझेलचा खर्च भागवून थोडं जास्त देत असेल, तर रिकामं येण्यापेक्षा तो बरा. मात्र त्याच्यासाठी दोन दिवस थांबावं लागणार असेल तर बहुतेक वेळा तो परवडत नाही. इथे दिवसाचा आकडा हाताशी हवा. तो नसेल तर निर्णय नुसत्या अंदाजावर होतो.

चूक: थांबण्याचा हिशेब न लिहिणं

माझ्या जुन्या वहीत एक पान आहे. त्यावर एवढंच लिहिलंय: ‘पोहोचलो, सकाळी. माल खाली झाला, तिसऱ्या दिवशी.’ सकाळी म्हणजे किती वाजता, फाटकावर कुणी सही केली, हॉल्टिंगचं, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याच्या पैशांचं, काय ठरलं होतं, काहीच नाही. मी पैसे मागितले तेव्हा समोरच्यानं ‘गाडी आलीच मुळी दुसऱ्या दिवशी’ असं सांगितलं, आणि माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. ते दोन दिवस बुडाले.

तेव्हापासून मी पोहोचल्याबरोबर फाटकाचा फोटो काढतो, वेळ दिसेल असा, आणि बिल्टीवर, म्हणजे मालाच्या वाहतूक पावतीवर, पोहोचल्याची वेळ लिहून सही मागतो. सही नाकारली, तर ब्रोकरला लगेच मेसेज: ‘अमुक वाजता पोहोचलो, रांगेत आहे.’ किती तास फुकट आणि त्यानंतर तासाला किती, हे माल भरायच्या आधी लेखी हवं. माल खाली झाल्यावर ही बोलणी काढली की कुणी ऐकत नाही.

उभ्या ट्रकचं इंजिन एसीसाठी चालू ठेवलं तर मोठं इंजिन तासाला साधारण 3 लिटर डिझेल पितं. 10 तासांच्या रात्रीत 30 लिटर जातात. वरच्या उदाहरणात तो जवळजवळ आणखी एका दिवसाचा ठरलेला खर्च झाला.

जिथे गाडी चालवण्याच्या तासांवर कायद्याची मर्यादा आहे तिथे थांबणं आणखी महाग पडतं. युरोपीय संघात रोज 9 तास चालवता येतं, आठवड्यातून दोनदा 10, आणि साडेचार तासांनंतर 45 मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. अमेरिकेत मालवाहू ट्रकसाठी 11 तास चालवण्याची मुभा आहे, पण ती कामाला लागल्यापासूनच्या 14 तासांच्या आतच वापरावी लागते. गोडाऊनच्या दारात गेलेले 5 तास त्या 14 मधूनच जातात. तुमच्याकडे विकायला मुळात वेळच आहे. तो दुसऱ्यानं वाया घालवला तर त्याची किंमत मागायला संकोच कसला?

अॅव्हरेज अचानक पडलं तर कुठे बघायचं

आधी अॅव्हरेज खरंच पडलंय का ते ठरवा. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर लिहायचे, पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरायची आणि भागाकार करायचा. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नका. भरलेल्या आणि रिकाम्या फेऱ्या वेगळ्या लिहा, कारण एकत्र सरासरी काढली की बिघाड त्यात लपून जातो.

मग टायर. हवा थंड टायरमध्येच तपासायची, सकाळी गाडी हलवायच्या आधी. तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा काढून टाकणं ही फार सर्रास होणारी चूक आहे. टायर थंड झाला की तो कमी दाबावर बसतो, पुढच्या फेरीत आणखी तापतो आणि लवकर जातो. मागच्या जोडटायरांतला आतला टायर वाकून, हात घालून तपासायचा कंटाळा येतो, आणि हवा कमी निघते ती नेमकी त्यातच. मग जोडीतल्या दुसऱ्या टायरवर दोघांचं वजन येतं.

हवा बरोबर असेल तर तळहात टायरच्या नक्षीवरून आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखं धारदार लागलं तर व्हील अलाइनमेंट गेलंय. असा टायर रस्त्यावर तिरका घासत चालतो. टायर तर झिजतोच, वर डिझेलही जातं. अलाइनमेंट करून घ्यायला अर्धा दिवस जातो म्हणून पुढे ढकलू नका.

त्यानंतर ब्रेक. लांबच्या फेरीनंतर गाडी उभी केली की प्रत्येक चाकाच्या हबजवळ हात न लावता, हाताची मागची बाजू नुसती जवळ न्या. एखादंच चाक बाकीच्यांपेक्षा भलतंच तापलेलं असेल तर तिथे ब्रेक पूर्ण सुटत नाहीये किंवा बेअरिंग जातंय. हा शोध फुकट आहे आणि कधीकधी चाकाला आग लागण्यापासून वाचवतो. यातलं काहीच सापडलं नाही, तर एअर फिल्टर, इंजेक्टर आणि हवेच्या पाइपची गळती मेकॅनिककडून तपासून घ्या.

एक्झॉस्ट साफ करणाऱ्या युरियाच्या द्रवात मात्र काटकसर नको. त्यात 32.5 टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी लागतं. घरी मिसळलेलं किंवा भेसळीचं घातलं तर कॅटलिस्ट, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा भाग, खराब होतो, आणि तो बदलायचा खर्च वाचवलेल्या पैशांच्या कित्येक पट असतो.

आणि वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी 80 वरून 90 वर गेलात तर तो सुमारे 27 टक्के वाढतो. 600 किलोमीटरमध्ये वेळ वाचतो 50 मिनिटं. भरलेल्या ट्रकचं निम्मं डिझेल हवा कापण्यात जातं असं धरलं, तर त्या 50 मिनिटांसाठी 25 लिटरच्या आसपास जास्त जळतात. पुढे रांगेतच उभं राहायचं असेल तर ती घाई कुणासाठी?

चूक: उधारीचे दिवस भाड्यात न धरणं

डिझेलला पैसे आज लागतात, भाडं येतं 30, 45, कधी 60 दिवसांनी. महिन्याला 8 फेऱ्या करत असाल आणि पैसे 60 दिवसांनी येत असतील, तर कुठल्याही क्षणी 16 फेऱ्यांचं डिझेल, टोल आणि जेवणखाण तुम्ही खिशातून भरलेलं असतं. फायद्यात चाललेला धंदाही इथे गुदमरतो. मग माणूस जास्त व्याजाचं कर्ज काढतो किंवा बिल कमी पैशांत वटवतो, आणि ते व्याज कुठल्याच फेरीच्या हिशेबात दिसत नाही. नवीन पार्टीचं पहिलं काम घेताना डिझेलपुरता तरी अॅडव्हान्स मागा. पोचपावती त्याच दिवशी पाठवा. पैसे येण्याचे दिवस बहुधा ती मिळाल्यापासून मोजले जातात.

टायरचा पैसा आणि जादा माल

टायर एकदम झिजत नाहीत, पण बदलायचे मात्र एकदम येतात. टायरच्या पूर्ण संचाची किंमत भागिले तो जितके किलोमीटर चालतो ते, एवढी रक्कम दर किलोमीटरला वेगळ्या खात्यात टाका. इंजिनच्या मोठ्या कामासाठीही तसंच. कर्ज फिटलं म्हणून हप्त्याएवढा पैसा घरखर्चात वळवणारे पुढच्या ट्रकसाठी पुन्हा शून्यापासून सुरू करतात.

मर्यादेपेक्षा जास्त माल भरू नका. दंड तर आहेच, शिवाय टायर, स्प्रिंगचे पाटे आणि ब्रेक लवकर जातात, आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडकू शकतो. उतारावर ब्रेक तापून निकामी होणं हा जिवाचा प्रश्न आहे, तिथे भाड्याचा विचारच नको.

चूक: स्वतःची मजुरी शून्य धरणं

ही चूक मी शेवटी ठेवली, कारण सगळ्यात जास्त दिवस हीच लपून राहते. तुमच्या जागी पगारी चालक ठेवला असता तर त्याला जे दिलं असतं, ते दर महिन्याला खर्चात लिहा आणि खरंच काढून घ्या. त्यानंतर जे उरतं ती ट्रकची कमाई. तीन महिने सलग काही उरत नसेल, तर ट्रक तुम्हाला पोसत नाही, तुम्ही त्याला पोसताय. लगेच विकायला काढू नका. आधी त्या तीन महिन्यांचे रिकामे किलोमीटर आणि थांबलेले दिवस मोजा. रिकामे किलोमीटर जास्त निघाले तर मार्ग किंवा मालाचा प्रकार बदला. दिवस जास्त निघाले तर ती पार्टी बदला. दोन्ही आटोक्यात असूनही काही उरत नसेल, तर अडचण भाड्याच्या दरात किंवा हप्त्याच्या आकारात आहे. मग बँकेत जाऊन हप्त्याची मुदत वाढवून मागायची वेळ आली. ती बोलणी पहिला हप्ता चुकायच्या आधीच करा.