‘काहीतरी चांगलं द्या ओ मॅडम’ म्हणणाऱ्याला पुस्तक कसं सुचवावं

असं कुणी म्हणालं की लगेच कपाटाकडे वळायचं नाही. आधी विचारायचं, ‘अर्धवट टाकलेलं शेवटचं पुस्तक कुठलं?’ आवडलेलं पुस्तक विचारलं तर लोक चारचौघांत शोभणारी नावं सांगतात, आणि त्यातली बरीचशी त्यांनी उघडलेलीही नसतात. टाकून दिलेल्या पुस्तकाबद्दल मात्र माणूस खरं बोलतो. अक्षर बारीक होतं, माणसंच फार होती, दोन पानांत डोळा लागायचा. मी सोलापुरात एका लहानशा वाचनालयाच्या काउंटरवर बसते. कुणाला काय द्यायचं ते मला या तक्रारींवरूनच कळतं.

दुसरा प्रश्न, वाचणार कधी? रात्री जेवणं आटोपून, भांडी घासून जी बाई अर्धा तास वाचणार तिला सलग कादंबरी देऊ नये. रोज चार पानं मागं जाऊन धागा शोधावा लागतो आणि आठव्या दिवशी पुस्तक परत येतं. तिला सुटं सुटं वाचता येईल असं द्यावं. पु. लं.चं ‘व्यक्ती आणि वल्ली’ हे व्यक्तिचित्रांचं पुस्तक माझं हुकमी. पण नुसतं हातात ठेवून भागत नाही, कुठून सुरू करायचं तेही सांगावं लागतं. कोकणातला अंतू बर्वा आमच्याकडच्या माणसाला पहिल्याच घासाला तिरकस लागू शकतो. ‘नारायण’ काढून द्या. लग्नघरात सगळ्यांची कामं अंगावर घेऊन पळणारा असा एक जण प्रत्येकाच्या भावकीत असतोच. तो भेटला की बाकीचे आपोआप वाचले जातात.

‘मृत्युंजय’ मागणारे तर येतच राहतात. शिवाजी सावंतांची ही कादंबरी 1967 सालची, पण कपाटात टिकत नाही. नेणारे पुष्कळ, पुरी करणारे कमी. म्हणून देताना मी एवढंच सांगते, की सगळी गोष्ट एकटा कर्ण सांगत नाही. कुंती सांगते, दुर्योधन सांगतो, शोण, वृषाली, कृष्ण, सगळे बोलतात. एकाचं बोलणं पुरं झालं की थांबा, मग दुसऱ्याचं घ्या. इतकं सांगितलं तरी जाडीची भीती निम्मी होते. आणि सोबत एक बारकं पुस्तक द्यायचंच. मागितलेलं खाली, आपलं वर.

वर ठेवायला माझ्याकडे बहुधा ‘बनगरवाडी’ असते. व्यंकटेश माडगूळकरांची, 1955 ची, दोन-तीन बैठकांत संपणारी. इथल्या माणसाला तिची ओळख करून द्यायला काही लागत नाही. सांगोल्याच्या पलीकडे माणदेश, मेंढरं, धनगर, पाऊस नाही. ‘नवा मास्तर पहाटे एकटाच चालत गावाकडे निघालाय’ एवढं सांगून गप्प बसायचं. पुस्तक सुचवताना गोष्ट सांगायचीच नाही, पहिलं पान सांगायचं. शेवट सांगून टाकणारे हौशी लोक वाचनालयात पुष्कळ असतात, त्यांना जमेल तसं दूर ठेवावं.

‘आपल्या भागातलं काही आहे का’ असं विचारणाऱ्याला शरणकुमार लिंबाळे यांचं ‘अक्करमाशी’ देते. लेखक अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे, पुस्तक 1984 चं. देताना आधी बजावते, हे करमणुकीचं नाही, भूक आणि जात दोन्ही अंगावर येतील. हे न सांगता दिलं तर वाचणाऱ्यावरही अन्याय आणि पुस्तकावरही. ज्यांना कादंबरी म्हणजे ‘खोटं’ वाटतं, त्यांच्यासाठी वीणा गवाणकरांनी लिहिलेलं खऱ्या माणसाचं चरित्र, ‘एक होता कार्व्हर’. गुलामीत जन्मलेला मुलगा पुढं भुईमुगावर एवढं संशोधन करतो, हे शेंगाचटणीच्या गावात फार समजावून सांगावं लागत नाही.

आता लहान मुलं. इथं पुस्तक मागणारा एक आणि वाचणारा दुसरा, सगळी गोची तिथंच. आई म्हणते, ‘पोरगं नुसतं मोबाईल बघलालंय, संस्कार होतील असं काहीतरी द्या.’ आईला मी बसवते, पाणी देते आणि तिच्याशी बोलत राहते. तेवढ्यात पोराच्या उंचीला, खाली सतरंजीवर चार-पाच पुस्तकं पसरून ठेवायची आणि त्याच्याकडे बघायचंही नाही. ‘हे घे, ते बघ’ म्हटलं की संपलं. एकदा शहराच्या पूर्व भागातली एक आजी नातीला घेऊन आली. तेलुगूशिवाय बोलत नव्हती. पोरगी शाळेत मराठी शिकत होती. तिनं सगळी पुस्तकं उलटीसुलटी केली आणि माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’मधलं एक घेऊन आजीच्या मांडीत जाऊन बसली. ती बोट ठेवून मराठी वाचत होती, आजी चित्राकडे बघून तेलुगूत भलतंच काहीतरी सांगत होती. दोघींचं छान चाललं होतं. घरातल्या माणसांची छोटी पुस्तकं, चित्रंही लेखिकेचीच. पाच-सहा वर्षांच्या पोराला पहिलं पुस्तक म्हणून यापेक्षा बरं काही मला सापडलेलं नाही.

तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या घरांना मी प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या वेबसाइटचाही पत्ता देते. फुकट आहे, फोनवर उघडतं, आणि पुष्कळ गोष्टी मराठी, तेलुगू, कन्नड अशा तिन्ही भाषांत मिळतात. पोरानं मराठीत वाचायची, आजीनं आपल्या भाषेत. गोष्टींचे चार स्तर केलेले आहेत. पहिल्या स्तरात पानावर जेमतेम ओळ-दोन ओळी. दुसरीतलं पोर असलं तरी पहिल्या स्तरापासून सुरुवात करा, त्यात कमीपणा नाही.

सात-आठच्या पुढच्या मुलाला पुस्तक झेपेल की नाही ते बोटांवर बघायचं. मधलं कुठलंही पान मोठ्यानं वाचायला सांगा. अडला की एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत मूठ बंद झाली तर ते पुस्तक त्याला वाचून दाखवायचं, त्याच्याकडून वाचून घ्यायचं नाही. ‘श्यामची आई’चं असंच आहे. पहिलीतल्या पोराच्या वाढदिवसाला ते हमखास येतं आणि तसंच कोरं राहतं. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत, 42 रात्री. तेव्हा रोज एक रात्र, दिवा मालवायच्या आधी, मोठ्यानं. स्वतः वाचायला नऊ-दहा वर्षांचा होऊ दे की.

त्या वयाला पळापळ लागते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे काढा. फुरसुंगीचा हा काटकुळा पोरगा सायकलवरून सुटला की मुलं जेवायला उठत नाहीत. त्यातून संस्कार होतात का, असं विचारणाऱ्या वडिलांना मी सरळ ‘नाही’ म्हणते. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतंय, त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट आहेत. पुस्तकाला पैसे नाहीत म्हणणाऱ्यांना तेवढं पुष्कळ दिवस पुरतं.

आई आणि मूल दोघांसाठी एकच पुस्तक हवं असेल तर ‘तोत्तोचान’. आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरणारी जपानमधली शाळा, आणि आधीच्या शाळेतून काढून टाकलेली मुलगी. तिथं डब्यात काहीतरी डोंगरावरचं आणि काहीतरी समुद्रातलं आणायचं असतं. आमची पोरं इथं हटकून अडतात, ‘मॅडम, सोलापुरात समुद्रातलं काय न्यायचं ओ?’ मीठ म्हणून सांगते.

पुस्तक परत आलं की ‘कसं वाटलं’ असं विचारू नका, लोक परीक्षेला बसल्यासारखं उत्तर देतात. ‘कुठपर्यंत आलात?’ विचारा. विसाव्या पानावर सोडलं असेल तर रागवायचं नाही, पान लक्षात ठेवायचं, पुढचं पुस्तक त्यावरूनच काढायचं असतं. आणि एप्रिल-मे महिन्यांत जाडी पुस्तकं खुशाल द्या. दुपारी बाराच्या पुढं उन्हात कुणी बाहेर पडत नाही, पंख्याखाली पडून सातशे पानंही होतात. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की पुन्हा बारकी काढायची.