वायुसंवेदकासाठी वाहक सच्छिद्र फिल्म बनवताना या चुका टाळा

विद्युतवाहक धातू-सेंद्रिय चौकटी, म्हणजे वाहक एमओएफ (धातूचे आयन सेंद्रिय रेणूंनी जोडून बनलेले सच्छिद्र पदार्थ), यांच्या पातळ फिल्मवर काम सुरू करणारे बहुतेक जण एकाच ठिकाणी फसतात. फिल्म काळसर दिसू लागली आणि मीटरवर रोध मोजता आला की ती तयार झाली असे मानून ते तिला थेट वायूच्या कक्षात ठेवतात. काळा रंग एवढेच सांगतो की काहीतरी तयार झाले आहे. फिल्म सलग आहे का, इलेक्ट्रोडला घट्ट धरून आहे का आणि तिची छिद्रे मोकळी आहेत का, हे त्यावरून कळत नाही.

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे दोन टप्प्यांमधली धुलाई टाळणे. कॉपर-एचएचटीपीची (तांब्याचे आयन एचएचटीपी या सेंद्रिय रेणूने जोडलेल्या चौकटीची) फिल्म थरावर थर चढवून वाढवताना क्रम ठरलेला असतो: कॉपर ॲसिटेटचे इथेनॉलमधील द्रावण, मग शुद्ध इथेनॉलने धुणे, मग एचएचटीपीचे द्रावण, आणि पुन्हा धुणे. घाईत असलेल्या माणसाला धुण्याचे दोन्ही टप्पे फुकट गेलेला वेळ वाटतात, आणि फिल्मची सगळी गुणवत्ता तर त्याच दोन टप्प्यांवर अवलंबून असते. पृष्ठभागावर उरलेल्या द्रवात तांब्याचे आयन शिल्लक राहिले, तर पुढच्या द्रावणातील लिगँड (आयनांना जोडणारा रेणू, इथे एचएचटीपी) त्यांना पृष्ठभागावर नव्हे, द्रवातच गाठतो. तिथेच कण तयार होतात आणि ते गाळासारखे फिल्मवर बसतात. अशी फिल्म लवकर गडद होते, त्यामुळे ती करणाऱ्याला आनंदही होतो. पण ती खडबडीत असते, हलक्या हाताने पुसली तरी निघते आणि तिचा रोध दर वेळी वेगळा येतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात फवारणीने वाढवलेल्या या फिल्मची जाडी प्रत्येक आवर्तनाला सुमारे २ नॅनोमीटरने वाढत होती. तुमची फिल्म त्याच्या दहापट वेगाने वाढत असेल, तर तो वेग अभिमानाचा नाही, ते गाळ साचल्याचे लक्षण आहे.

यावर माझी सवय अशी आहे की प्रत्येक खेपेला इलेक्ट्रोडच्या शेजारी काचेची एक साक्षी पट्टी लावायची, काही आवर्तनांनंतर तिचे प्रकाशशोषण मोजायचे आणि आलेख सरळ रेषेत चढतो आहे का ते पाहायचे. रेषा मध्येच वर वळली तर त्या खेपेवर पुढे मेहनत घेऊ नये. धुण्याच्या इथेनॉलला किंचित जरी रंग आला तरी ते बदलावे. इथेनॉल वाचवून फिल्म घालवण्यात काही अर्थ नाही.

पृष्ठभागाच्या स्वच्छतेबद्दल थोडक्यात. ॲसिटोन, आयसोप्रोपॅनॉल आणि पाण्याने धुतल्यानंतर ऑक्सिजन प्लाझ्मा किंवा अतिनील-ओझोनची प्रक्रिया करावी आणि मग पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. थेंब पसरला पाहिजे; गोल राहिला तर पहिला थर नीट धरणार नाही. प्लाझ्मातून काढलेली पट्टी दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. एचएचटीपीचे द्रावण हवेत ऑक्सिडीकरण होऊन गडद होते, म्हणून तेही ताजेच घ्यावे.

तयार भुकटी द्रवात ढवळून थेंबाने इलेक्ट्रोडवर टाकण्याच्या पद्धतीला मी सरसकट विरोध करत नाही. २०१५ मध्ये कॉपर-एचआयटीपी या दुसऱ्या वाहक एमओएफने अमोनिया १ पीपीएमपेक्षाही (दहा लाखांत एक भाग) कमी प्रमाणात ओळखता येतो हे दाखवले गेले, ते याच पद्धतीने. तिथे प्रश्न पदार्थ वायूला प्रतिसाद देतो का, म्हणजे त्याचा रोध बदलतो का, हा होता. पण थेंब वाळताना कण कडेला जमून गोल कडे तयार होते आणि मधला भाग विरळ राहतो. त्यामुळे जाडीचा परिणाम तपासायचा असेल किंवा दोन पदार्थांची तुलना करायची असेल, तर ही पळवाट उपयोगाची नाही.

दुसरी मोठी चूक फिल्म बनवून झाल्यावर होते आणि ती जास्त फसवी आहे: पाण्याच्या वाफेला दिलेला प्रतिसाद वायूचा समजणे. आमच्या प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या एका संशोधकाने अमोनियासाठी फारच देखणे आलेख आणले होते. प्रतिसाद मोठा होता, तो पुन्हा पुन्हा मिळत होता आणि आधाररेषाही व्यवस्थित परत येत होती. मी अमोनिया कुठून घेतला ते विचारले. अमोनियाच्या जलीय द्रावणावरून नायट्रोजन नेला होता, आणि आधाररेषा मात्र कोरड्या नायट्रोजनमध्ये घेतली होती. त्याच बाटलीत नुसते पाणी भरून प्रयोग पुन्हा करायला सांगितले, तेव्हा जवळपास तसाच आलेख आला. जे मोजले गेले होते त्यातला बराचसा भाग आर्द्रतेचा होता, आणि तोवर जमवलेले सगळे आलेख बाजूला ठेवावे लागले. पहिल्याच दिवशी पाण्याची ही कोरी चाचणी झाली असती, तर एवढी मेहनत वाया गेली नसती.

म्हणून प्रमाणित सिलिंडरमधला वायू मास फ्लो कंट्रोलरने (वायूचा प्रवाह मोजून नियंत्रित करणाऱ्या उपकरणाने) विरळ करून वापरावा, चाचणीचा वायू आणि आधाररेषेचा वायू अशा दोन्ही वाहिन्यांची आर्द्रता सारखी ठेवावी आणि वायू सुरू-बंद करताना एकूण प्रवाह बदलू देऊ नये, कारण प्रवाह बदलला की फिल्मचे तापमान आणि त्यासोबत रोधही सरकतो. फिल्म नसलेला कोरा इलेक्ट्रोडही एकदा त्याच क्रमातून न्यावा.

प्रतिसादाचा वेळ सांगताना कक्षाचा हिशेब विसरला जातो. ५०० मिलिलिटरच्या कक्षात मिनिटाला १०० मिलिलिटर वायू सोडला आणि तो चांगला मिसळत असेल, तर आतले प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत पोहोचायलाच साडेअकरा मिनिटे लागतात. ‘संवेदक मंद आहे’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी हा भागाकार करावा, आणि शक्य असेल तर कक्ष लहान करावा. अमोनिया नळ्यांच्या भिंतींनाही चिकटतो, म्हणून नळ्या टेफ्लॉनच्या आणि आखूड असाव्यात.

छिद्रांतला द्रावक घालवण्यासाठी तापमान वाढवण्याचा मोह आवरावा. मी फिल्म ताज्या इथेनॉलमध्ये भिजवून ठेवते आणि मग सौम्य उष्णतेवर निर्वातात रात्रभर वाळवते. जास्त तापवल्याने चौकट ढासळली तरी फिल्म काळीच दिसते, त्यामुळे नुकसान डोळ्यांना कळत नाही.

फिल्म स्फटिकी आहे का हे पाहणारी क्ष-किरण विवर्तनाची तपासणी १० अंशांच्या कोनापासून सुरू करू नये. तांब्याच्या नळीतून निघणाऱ्या क्ष-किरणांनी पाहिल्यास कॉपर-एचएचटीपीचे पहिले आणि ठळक शिखर ४.७ अंशांच्या आसपास येते. ते वगळून ‘फिल्म स्फटिकी नाही’ असे लिहिलेले अहवाल मी अनेकदा परत पाठवले आहेत. इतक्या पातळ फिल्मसाठी किरण अगदी कमी कोनातून टाकावा लागतो.

जोडणीसाठी चांदीचा लेप फिल्मवर लावू नये, कारण त्यातील द्रावक छिद्रांत झिरपतो, आणि हायड्रोजन सल्फाइड मोजायचा असेल तर चांदी स्वतःच त्याच्याशी अभिक्रिया करते. सोन्याचे इलेक्ट्रोड आधी बसवून त्यांच्यावर फिल्म वाढवावी.