अठ्ठावीस ओळी, सत्तावीस आकडे

बी.कॉम. करून फोंड्यातल्या एका हार्डवेअर दुकानात हिशोबाला लागले, तेव्हा डेबिट-क्रेडिट पक्कं होतं. एक्सेल मात्र कुणी शिकवलं नव्हतं. नव्याने लागणाऱ्यांना माझं सांगणं एकच: पहिल्या आठवड्यात फक्त रोकडवही करा.

पाच रकाने, ए ते ई: तारीख, तपशील, जमा, खर्च, शिल्लक. दुसऱ्या ओळीत आरंभीची शिल्लक, समजा २,०००. तिसऱ्या ओळीच्या शिल्लक रकान्यात =ई२+सी३-डी३, म्हणजे वरची शिल्लक, अधिक आजची जमा, वजा खर्च. (टाइप करताना अक्षरं अर्थात इंग्रजी.) विक्री ५,४५० टाकली की शिल्लक ७,४५०. सूत्र कोपऱ्याला धरून खाली ओढा, पुढच्या ओळीत टेंपोभाडं १,१५० टाका, ६,३०० येतील. मग गल्ला उघडून नोटा मोजा. ही सवय मला दुकानातल्या जुन्या दिवाणजींनी लावली. "बाय, बेरीज मशीन करतं, पैसे आपण मोजायचे," असं ते म्हणत.

त्याचं मोल चतुर्थीच्या आधी कळलं. बँकेचं स्टेटमेंट शीटमध्ये चिकटवून सम (बेरजेचं सूत्र) लावला, तर बेरीज ४,८५० ने कमी. दोन तास एकेक ओळ ताडून पाहिली. रक्कम तर समोर दिसत होती! शेवटी लक्षात आलं की सगळे आकडे उजवीकडे टेकलेत आणि तो एकटाच डावीकडे. आकड्यामागे न दिसणारी मोकळी जागा चिकटली होती, म्हणून एक्सेलने त्याला मजकूर मानलं, आणि सम मजकूर वगळतो, तोही काही न सांगता. तेव्हापासून समच्या शेजारी काउंट लावते. काउंट फक्त आकडे मोजतो. ओळी अठ्ठावीस आणि काउंट सत्तावीस आला, की चूक कुठली ते लगेच कळतं.

गोव्यात जीएसटीचं सूत्र लवकर शिकावं लागतं, कारण आमचा निम्मा माल कोल्हापूर-बेळगावहून येतो. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे: गोवा ३०, महाराष्ट्र २७, कर्नाटक २९. १,००० रुपयांच्या मालावर १८ टक्के कर असेल, तर पणजीच्या व्यापाऱ्याच्या बिलावर सीजीएसटी (केंद्राचा वाटा) ९० आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा) ९०. कोल्हापूरच्या बिलावर आयजीएसटी (परराज्यातल्या मालावरचा एकच कर) १८०. लेफ्ट या सूत्राने पहिले दोन अंक काढा आणि इफने ते ३० आहेत का ते तपासा: असतील तर सीजीएसटी-एसजीएसटी, नसतील तर आयजीएसटी. मात्र ३० अवतरणचिन्हांत हवं. लेफ्ट देतो तो मजकूर असतो. अवतरण विसरलात तर गोव्यातली बिलंसुद्धा आयजीएसटीत जातील.

कराला राउंड (दोन दशांशांपर्यंत रक्कम नेमकी करणारं सूत्र) लावाच. १५१.६० चे ९ टक्के १३.६४४ होतात, दिसतात १३.६४. अशा तीन ओळींची बेरीज ४०.९३ दिसते, हाताने ४०.९२ येते.

खर्चाची वर्गवारी सम-इफने (दिलेल्या नावाच्याच रकमा जोडणारं सूत्र) होते, पण एकदा 'हमाली' आणि एकदा 'हमालीखर्च' लिहिलंत तर दुसरी रक्कम गळते. खर्चाच्या नावांची यादी डेटा व्हॅलिडेशनमध्ये (यादीतलंच नाव निवडू देणारी एक्सेलची सोय) पहिल्याच दिवशी घालून ठेवा. शंभर नोंदी झाल्यावर ती नावं दुरुस्त करायला मला एक अख्खा रविवार लागला.