हृदयासाठी बदललेल्या सवयी वर्षानुवर्षे कशा टिकवाव्यात, आणि त्यामुळे धोका कसा बदलतो

हृदयविकाराच्या धोक्याबद्दल आपण बहुधा एखाद्या दिवसाच्या आकड्यावरून बोलतो: आज रक्तदाब किती आला, या वेळच्या तपासणीत कोलेस्टेरॉल किती निघाले. रक्तवाहिन्यांच्या दृष्टीने मात्र तो आकडा किती वर्षे तसाच राहिला, याला जास्त महत्त्व असते. एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हटल्या जाणाऱ्या कोलेस्टेरॉलचे कण रक्तवाहिनीच्या अस्तराखाली शिरून अडकतात, त्यांच्याभोवती दाह सुरू होतो, पांढऱ्या पेशी तिथे जमतात आणि मेदाचा थर कित्येक दशके हळूहळू जाड होत जातो. वाढलेला रक्तदाब, तंबाखू आणि रक्तातील जादा साखर या तिन्ही गोष्टी अस्तराला इजा करून या प्रक्रियेला वाट मोकळी करून देतात. म्हणून सवयी बदलताना आखणीही वर्षांच्या हिशेबानेच करावी लागते. ती कशी करावी, हे या लेखात सांगितले आहे.

आजची स्थिती लिहून काढा

एक वही घ्या आणि तिच्या पहिल्या पानावर आठ गोष्टी मांडा: आहार, शारीरिक हालचाल, तंबाखू व निकोटिन, झोप, वजन, रक्तातील मेद, रक्तातील साखर आणि रक्तदाब. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१० मध्ये हृदयस्वास्थ्य मोजण्यासाठी सात बाबी ठरवल्या होत्या. २०२२ मध्ये त्यांत झोपेची भर पडली आणि प्रत्येक बाबीला ० ते १०० गुण देण्याची पद्धत आली. आठांची सरासरी ८० किंवा अधिक असेल तर स्थिती चांगली, ५० ते ७९ असेल तर मध्यम आणि ५० पेक्षा कमी असेल तर चिंतेची मानली जाते. गुण काढता आले नाहीत तरी हरकत नाही. यांतल्या पहिल्या चार बाबी आपल्या रोजच्या वागण्यातून घडतात आणि उरलेल्या चार मोजूनच कळतात, एवढा फरक ध्यानात ठेवला तरी पुढचे काम सोपे होते.

मोजण्याच्या गोष्टींत रक्तदाबाबाबत सर्वाधिक चुका होतात, म्हणून तो नीट मोजायला शिकणे अगत्याचे आहे. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू आणि व्यायाम टाळावा, लघवीला जाऊन यावे, पाठीला आधार देऊन आणि दोन्ही पावले जमिनीवर टेकवून पाच मिनिटे शांत बसावे. मापनपट्टी उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीवर बांधावी, हात टेबलावर टेकवावा आणि मोजताना बोलू नये. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. असे सकाळ-संध्याकाळ आठवडाभर केल्यास जी सरासरी मिळते, ती एखाद्या दिवशी दवाखान्यात घाईघाईने घेतलेल्या आकड्यापेक्षा कितीतरी विश्वासार्ह असते. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक येत असेल, तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे.

रक्तातील मेद आणि साखर यांची तपासणी प्रयोगशाळेत करून घ्यावी. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारा आकडा, ५.७ टक्क्यांच्या खाली असणे सामान्य समजले जाते, ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या उंबरठ्याची स्थिती असते आणि ६.५ पासून पुढे मधुमेह धरला जातो. त्याच पानावर कुटुंबाचा इतिहासही लिहावा: वडील किंवा भाऊ यांना ५५ वर्षांच्या आत, अथवा आई किंवा बहीण यांना ६५ वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे.

कोणत्या बदलाचे फळ केव्हा मिळते

बरेच लोक सवय मध्येच सोडतात, कारण फळ केव्हा दिसावे याबद्दलची त्यांची अपेक्षाच चुकीची असते. प्रत्येक बदलाची गती वेगळी असते आणि ती आधीच माहीत असेल तर मन खचत नाही.

तंबाखू सोडल्याने हृदयविकाराचा धोका सर्वांत लवकर घटतो. धूम्रपान सोडल्यानंतर सुमारे एका वर्षात, धूम्रपानामुळे वाढलेला हृदयविकाराचा जादा धोका जवळजवळ निम्म्यावर येतो आणि १५ वर्षांच्या सुमारास तो कधीच धूम्रपान न केलेल्या माणसाइतका होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ब्रिटिश डॉक्टरांचा १९५१ मध्ये सुरू झालेला आणि पन्नास वर्षे चाललेला अभ्यास तर प्रत्येक धूम्रपान करणाऱ्याला समजावून सांगावा असा आहे: साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांना सुमारे ३ वर्षांचे, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांना ६, चाळिसाव्या वर्षी ९ आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांना सुमारे १० वर्षांचे आयुष्य परत मिळाले. मात्र येथे ‘कमी केले’ हा बदल पुरेसा नसतो. दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही, वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्यापैकी जवळजवळ निम्मा धोका भोगावा लागतो. त्यामुळे तारीख ठरवून पूर्णपणे सोडावे, आणि निकोटिनची च्युइंगगम, पट्ट्या किंवा औषधे यांची मदत डॉक्टरांना विचारून निःसंकोच घ्यावी.

रक्तदाबाच्या आकड्यावर आहाराचा परिणाम काही आठवड्यांतच दिसतो. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डॅश’ चाचणीत फळे, भाज्या व कमी स्निग्धांशाचे दुग्धजन्य पदार्थ भरपूर आणि संपृक्त मेद (तूप-लोण्यासारखा घट्ट राहणारा) कमी असा आहार आठ आठवडे दिला गेला. उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी ११ मिलिमीटरने उतरला. हा आकडा लहान वाटतो, परंतु औषधांच्या अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर, वरच्या दाबात ५ मिलिमीटरची घट झाली की हृदयविकार, पक्षाघात यांसारखे गंभीर प्रसंग सुमारे १० टक्क्यांनी कमी होतात, असे आढळले आहे. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याच्या आत, ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तयार खाद्यपदार्थांतले मीठही त्याच हिशेबात धरावे लागते. पोटॅशियमयुक्त पर्यायी मीठ वापरायचे असेल आणि मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रक्तदाबाची औषधे सुरू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे.

काळाचे महत्त्व सर्वांत स्पष्टपणे दिसते ते एलडीएलच्या बाबतीत. औषधांच्या चाचण्या साधारण पाच वर्षे चालतात. त्यांत एलडीएल डेसिलिटरमागे सुमारे ३९ मिलिग्रॅमने उतरले की गंभीर प्रसंग साधारण एक पंचमांशाने कमी होतात. पण काही माणसांत जनुकांमुळेच जन्मापासून एलडीएल कमी असते, आणि तेवढ्याच फरकासाठी त्यांच्यातला हृदयविकाराचा धोका जवळजवळ निम्मा भरतो. घट सारखीच, पण एकीकडे ती पाच वर्षांची आहे आणि दुसरीकडे आयुष्यभराची. तिशीत सुरू केलेला आणि टिकवलेला साधा बदल साठीतल्या मोठ्या बदलाच्या तोडीचा का ठरू शकतो, याचे उत्तर मला या एका तुलनेत सापडते.

व्यायामाला महिन्यांऐवजी वर्षे द्यावी लागतात. डॅलस येथे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४५ ते ६४ वयाच्या, निरोगी पण बैठे जीवन जगणाऱ्या लोकांनी दोन वर्षे, आठवड्यातून चार-पाच दिवस, हळूहळू वाढत जाणारा व्यायाम केला. त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सुमारे १८ टक्क्यांनी वाढली आणि हृदयाच्या स्नायूचा ताठरपणा कमी झाला. मध्यम वयातही हृदय पुन्हा लवचिक होऊ शकते, ही गोष्ट दिलासा देणारी आहे.

सर्वांत मोठी वाट पाहायला लावणारा दाखला चीनमधील दाचिंगचा आहे. तेथे १९८६ मध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५७७ लोकांपैकी काही गटांना सहा वर्षे आहार व व्यायामाचे मार्गदर्शन देण्यात आले. वीस वर्षांनंतर त्यांच्यात मधुमेह कमी दिसत होता, पण हृदयविकारातला फरक अजून निर्णायक नव्हता. तीस वर्षांनंतर मात्र हृदय व रक्तवाहिन्यांचे गंभीर प्रसंग २६ टक्क्यांनी आणि त्या विकारांचे मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी असल्याचे स्पष्ट झाले. पहिल्या काही वर्षांत काहीच घडत नाही असे वाटले, तर दाचिंग आठवावे.

बदल उलट दिशेनेही मोजला जातो. अमेरिकेत १९८५ मध्ये सुरू झालेल्या ‘कार्डिया’ अभ्यासात तरुणपणापासून वीस वर्षे लोकांच्या सवयी पाहिल्या गेल्या. ज्यांनी चांगल्या सवयी वाढवल्या त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचण्याची (ही तिथे मेदाचा थर जमल्याची खूण असते) शक्यता कमी आढळली आणि ज्यांनी त्या गमावल्या त्यांच्यात ती वाढलेली आढळली. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांवरील दीर्घ अभ्यासात मात्र दहा वर्षांतल्या बदलाची दिशा आणि पुढचा धोका यांचा असा सरळ संबंध दिसला नाही. या दोन्हींचा एकत्रित अर्थ मी असा घेतो की उशिरा केलेल्या सुधारणेने मागचा सगळा साठा पुसला जाईल असे गृहीत धरू नये, आणि आज जी सवय चांगली आहे ती सांभाळणे हेही नवी सवय लावण्याइतकेच मोठे काम समजावे.

सवय बसवण्याची रीत

आठही बाबी एकाच सोमवारी बदलू नका. तंबाखू असेल तर त्यापासून सुरुवात करा, कारण ती सोडल्याने धोका जितका लवकर घटतो तितका दुसऱ्या कशानेच घटत नाही. नसेल, तर वहीतल्या सर्वांत कमजोर बाबीला हात घाला.

नवी कृती एखाद्या ठरलेल्या कृतीला जोडावी: जेवण झाले की दहा मिनिटे चालणे, सकाळी दात घासून झाले की रक्तदाबाची गोळी. लंडनमधल्या एका अभ्यासात रोजची नवी कृती आपोआप होऊ लागायला मध्यमानाने ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ तर कोणाला २५४ दिवसही लागतील असे दिसले. आणि एखादा दिवस चुकल्याने सवय बसण्यात फारसा अडथळा आला नाही. एक दिवस चुकला म्हणून पूर्ण बेत मोडणाऱ्या माणसाला हे शेवटचे निरीक्षण सर्वांत उपयोगी आहे. वहीत चुकलेला दिवस कोरा ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी पुढे लिहावे.

चालणे दहा मिनिटांपासून सुरू करून दर आठवड्याला थोडे वाढवावे. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस हालचाल आणि निदान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम, हे प्रौढांसाठीचे जागतिक आरोग्य संघटनेचे उद्दिष्ट आहे. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका वेग मध्यम श्रमाचा समजावा. हृदयविकार आधीच असेल, श्रमाने छातीत दाब जाणवत असेल किंवा बरीच वर्षे हालचाल नसेल, तर डॉक्टरांचा सल्ला घेऊनच वेग वाढवावा.

आहारात काय वगळायचे याच्या यादीपेक्षा काय वाढवायचे हे ठरवणे टिकाऊ ठरते: भाज्या, फळे, कडधान्ये, कोंड्यासह धान्ये, सुकामेवा, आणि घट्ट राहणाऱ्या मेदाऐवजी वनस्पतीजन्य द्रव तेल. झोप रात्री सात ते नऊ तास असावी. जोराचे घोरणे आणि दिवसा अनावर झोप येणे हा थकवा समजून सोडून देऊ नये, कारण झोपेत श्वास अडखळण्याचा विकार रक्तदाब वाढवतो.

वर्षाकाठी एकदा ताळा

दरवर्षी ठरावीक महिन्यात पहिल्या पानासारखेच नवे पान भरावे आणि दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहावीत. वजन जैसे थे पण रक्तदाब उतरला, असे दिसले तर ते वर्ष वाया गेले असे मानू नये.

औषधांबाबत येथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. ब्रिटनमधील मधुमेहाच्या एका मोठ्या चाचणीत औषधांनी साखर काटेकोर ठेवलेल्या गटाचा लाभ, चाचणी संपून दोन्ही गटांची साखर सारखी झाल्यावरही, पुढे दहा वर्षे टिकला. त्याच चाचणीत रक्तदाब काटेकोर ठेवण्याचा लाभ मात्र दोन्ही गटांचा दाब सारखा झाल्यावर ओसरत गेला. आकडा चांगला आला म्हणून रक्तदाबाची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी आपल्या मनाने बंद करणे म्हणूनच धोक्याचे आहे. सवयी सुधारल्याने मात्रा कमी करता येते का, हा प्रश्न वही दाखवून डॉक्टरांना जरूर विचारावा.

छातीच्या मध्यभागी काही मिनिटांहून अधिक काळ दाब किंवा वेदना, ती हात, जबडा किंवा पाठीकडे जाणे, धाप, घाम, अथवा चेहरा एका बाजूला ओघळणे, एक हात लुळा पडणे, बोबडे बोलणे यांपैकी काही अचानक सुरू झाले, तर वही, व्यायाम, आहार सगळे बाजूला ठेवून तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी आणि स्वतः गाडी चालवत रुग्णालयात जाऊ नये. स्त्रियांना, वृद्धांना आणि मधुमेह असलेल्यांना छातीत न दुखता नुसती धाप, मळमळ किंवा विलक्षण थकवा जाणवू शकतो. त्यांनीही वाट पाहू नये.