सायकलने कामाला जाताय आणि वजन वाढत नाही?

बेळगावजवळच्या येळ्ळूर, मच्छेहून उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत रोज सायकलने जाणाऱ्यांची तक्रार एकच: जिम लावली तरी अंगावर मांस चढत नाही. दोष सायकलचा नाही, ताटाचा आहे.

जाऊन-येऊन 15 किलोमीटरला 65 किलोच्या माणसाचे साधारण 350 उष्मांक जातात. ते जेवणात न धरता वेगळे भरून काढा: 50 ग्रॅम भाजलेले शेंगदाणे आणि 20 ग्रॅम गूळ पुडीत बांधून न्या, कामावर पोचताच खा. हिशोब जवळजवळ जुळतो. शेंगदाण्यातून 12 ग्रॅम प्रथिनं मिळतात. पण गरज वजनाच्या किलोमागे 1.6 ग्रॅम, म्हणजे दिवसाला सुमारे 105. अंडी, मटकीची उसळ, दही हवंच.

स्क्वॉट्स (बैठका) संध्याकाळी, घरी पोचून, थोडं खाऊन करा. दुसऱ्या सकाळी पाय जड असतील, म्हणून दहा मिनिटं लवकर निघा, हलका गियर ठेवा. गियर नसेल तर चढाला उतरून सायकल ढकला, यात कमीपणा नाही.

दोन आठवडे काटा हलला नाही तर रोज एक भाकरी वाढवा.

सीट मात्र तपासा. पायडल तळाशी असताना गुडघा किंचितच वाकलेला हवा. सीट खाली राहिली की गुडघ्याची वाटी पुढून दुखते आणि स्क्वॉट्सही बंद पडतात.