आधी रिमोट, मग ड्रोन

कॉलेजातली पोरं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, पहिला ड्रोन कुठला बांधू?" माझं उत्तरही ठरलेलं: एकही नको, आधी रिमोट घे. हे ऐकून चेहरा पडतो, कारण डोक्यात कार्बन फायबरची फ्रेम आणि चार मोटारी फिरत असतात. पण बांधणं आणि उडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं येत नसताना पहिलं केलं, तर महिनाभराची मेहनत अर्ध्या मिनिटात जमिनीवर येते.

रिमोट चांगला घ्या. ईएलआरएस या रेडिओ प्रणालीचा (रिमोट आणि यंत्र यांना जोडणारी), २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा रिमोट पाच ते दहा हजारांत मिळतो आणि पुढची चार-पाच यंत्रं बदलली तरी तोच टिकतो. 'मोड २' घ्या, म्हणजे थ्रॉटल (मोटारींचा जोर कमी-जास्त करणारी काडी) डाव्या हाताला. आपल्याकडे बहुतेक जण तसंच उडवतात, त्यामुळे अडलं तर दुसऱ्याच्या हातात रिमोट देता येतो. हाच रिमोट यूएसबीने संगणकाला जोडायचा आणि लिफ्टऑफ किंवा व्हेलोसिड्रोनसारख्या सिम्युलेटरवर बसायचं. तिथे आपटण्याचे पैसे लागत नाहीत.

सिम्युलेटरवर पहिल्या दिवसापासून ॲक्रो मोड लावा, असं माझं मत आहे. अँगल मोडमध्ये रिमोटची काडी सोडली की यंत्र आपोआप सपाट होतं. ॲक्रोमध्ये होत नाही. जितकं कललंय तितकंच राहतं, सरळ तुम्हीच करायचं. पहिले काही दिवस संताप येतो. पण अँगलची सवय लागली की ती मोडायला दुप्पट वेळ जातो. शर्यतीच्या ट्रॅककडे लगेच धावू नका. एकच झाड निवडा आणि उंची न बदलता त्याच्याभोवती फिरा, आधी डावीकडून, मग उजवीकडून. बहुतेकांची एक बाजू कच्ची असते. ती पक्की होईपर्यंत खरेदी थांबवा.

मग व्हूप. ६५ किंवा ७५ मिलिमीटरचं, पंख्यांभोवती प्लास्टिकची कडी असलेलं, एका सेलच्या बॅटरीवर चालणारं चिमुकलं यंत्र. भिंतीला धडकलं तर फार तर खाली पडतं. घरात उडवताना छताचा पंखा बंद करा, एवढीच अट. पावसाळ्याचे चार महिने बाहेर काही उडवता येत नाही, तेव्हा हॉलमध्ये खुर्च्यांच्या पायांमधून व्हूप काढण्याइतका चांगला सराव दुसरा नाही.

आता बांधणी. ९ फेब्रुवारी २०२२ रोजी केंद्र सरकारने परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली; सुट्या भागांची आयात मात्र खुली ठेवली. त्यामुळे स्वतः बांधणं हा आपल्याकडचा सरळ रस्ता झाला. मोटारी, ईएससी (मोटारीचा वेग सांभाळणारं सर्किट) आणि फ्लाइट कंट्रोलर (यंत्राचा मेंदू) ऑनलाइन मागवावे लागतात. पण सिलिकॉन वायर, बॅटरीचा एक्सटी६० कनेक्टर, हीट-श्रिंक (तापवली की आक्रसणारी नळी), मल्टिमीटर हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात पासोड्या विठोबा, तापकीर गल्लीच्या परिसरात हाताळून घेता येतं.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी अजूनही एफ४५० फ्रेम, १००० केव्हीच्या (केव्ही म्हणजे काय ते पुढे येतंच) ए२२१२ मोटारी आणि एपीएम २.८ हा कंट्रोलर बोर्ड असा संच विकला जातो. स्वस्त आहे, सिनिअरकडून वारशाने मिळतो, आणि माझा सल्ला आहे की तो नाकारा. त्या बोर्डाला अर्दूपायलट या फर्मवेअरच्या (बोर्डावर चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) नव्या आवृत्त्या चालत नाहीत, त्यामुळे आज इंटरनेटवर वाचलेलं अर्धं ज्ञान त्याला लागू पडत नाही. त्यापेक्षा पाच इंची पंख्यांचा क्वाड, म्हणजे चार पंख्यांचा ड्रोन बांधा: २२०७ किंवा २३०६ आकाराच्या मोटारी, चारही ईएससी एकाच पाटीवर असलेला फोर-इन-वन, एफ४०५ किंवा एफ७२२ प्रोसेसरचा कंट्रोलर आणि त्यावर बीटाफ्लाइट. हे फर्मवेअर फुकट आहे. त्याची वंशावळ मल्टिवीपर्यंत जाते, आणि मल्टिवीची सुरुवात निन्टेंडो वी या गेम कन्सोलच्या रिमोटला लावायच्या 'मोशन प्लस'मधला जायरो (फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर) काढून झाली होती. ड्रोनला खेळणं म्हणून हिणवणाऱ्या काकांना हे जरूर सांगा.

केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे. भार नसताना एका व्होल्टला मोटार मिनिटाला किती फेरे घेईल तो आकडा. सहा सेलची बॅटरी सरासरी २२.२ व्होल्टची. १९०० केव्हीची मोटार तिच्यावर साधारण ४२ हजार फेऱ्यांना पोचते. २६०० केव्हीची मोटार चार सेलसाठी असते. तीच सहा सेलवर लावली की मोटार तापते, ईएससी जळतो आणि दुकानदाराला शिव्या बसतात. खरेदीआधी हा गुणाकार कागदावर करा.

समोरासमोरच्या कोपऱ्यांतले पंखे एकाच दिशेने फिरतात, शेजारचे उलट. यंत्राला जागच्या जागी वळवायचं असेल तर कंट्रोलर एका कर्णावरची जोडी जोरात आणि दुसरी हळू फिरवतो. म्हणूनच एक मोटार उलटी फिरत असेल किंवा पंखा चुकीचा बसला असेल तर यंत्र उठताक्षणी कलंडतं. नव्या क्वाडची पहिली कोलांटी बहुधा याच कारणाने होते, तेव्हा आधी कंट्रोलरच्या ट्यूनिंगला हात घालू नका, पंखे बघा.

सोल्डरिंगमध्ये सगळ्यात जास्त माणसं बॅटरीच्या वायरीशी अडतात. बाजारातलं साधं २५ वॅटचं आयर्न बारीक सिग्नल वायरींना ठीक आहे, पण ईएससीचा मोठा पॅड (वायर डागायची जागा) आणि एक्सटी६०ची जाड वायर उष्णता पिऊन टाकते. टाका वरून चकचकीत दिसतो आणि आत ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा जोड राहतो. तो हवेत सुटतो. ६० वॅट किंवा त्याहून मोठं, तापमान धरून ठेवणारं आयर्न, रुंद टोक, ६३/३७ची (कथील आणि शिसं यांचं प्रमाण) तार आणि भरपूर फ्लक्स (टाका नीट धरायला लावायचा लेप). आधी पॅडवर आणि वायरीवर वेगवेगळा कथील चढवा, मग दोन्ही एकत्र वितळवा.

बॅटरी लावण्याआधी मल्टिमीटर बीपवर ठेवून प्लस-मायनस तपासा. क्षणभर पीं होऊन थांबलं तर तो कपॅसिटर भरतोय. सलग वाजत राहिलं तर कुठेतरी शॉर्ट आहे. त्यानंतरही पहिली बॅटरी थेट लावायची नाही. एका वायरीत गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब मालिकेत जोडायचा. सहा सेल असतील तर ट्रकचा २४ व्होल्टचा. बल्ब भक्कन पेटून तसाच राहिला तर शॉर्ट, आणि जळण्यापासून वाचलं ते तुमचं काही हजारांचं सामान. कॅमेऱ्याचं चित्र पाठवणाऱ्या व्हिडिओ ट्रान्समीटरला अँटेना लावल्याशिवाय वीज देऊ नका. टेबलावर असताना पंखे काढलेले. नेहमी. रिमोट बंद केला की मोटारी थांबतात का, म्हणजे फेलसेफ, हेही पंखे काढूनच बघायचं.

लोक उंचीला घाबरतात. घाबरायचं असेल तर लायपोला, म्हणजे ड्रोनच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीला घाबरा. सेल ४.२ व्होल्टला भरतो, ३.५च्या आसपास उतरायला हवं, आणि ठेवून द्यायचा असेल तर ३.८वर ठेवायचा. फुगलेली बॅटरी 'अजून चालते' म्हणून वापरू नका. चार्जिंग समोर बसून करायचं, जवळ वाळूची बादली. मे महिन्यात बंद गाडीत बॅटऱ्या सोडून जेवायला जाऊ नका. विमानाने जाताना त्या हातातल्या बॅगेतच न्यायच्या असतात.

कुठे उडवायचं, याला मी बांधणीइतकाच वेळ देतो. ड्रोन नियम २०२१नुसार २५० ग्रॅमपर्यंतचं यंत्र नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला, आणि हौसेसाठी उडवलेल्या मायक्रोला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. पण जागेचा नियम सगळ्यांना आहे. सरकारी नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे असतात. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत. पुणेकरांना लोहगावचा हवाई तळ आणि खडकवासल्याची एनडीए लक्षात ठेवावी लागते. मुंबईत पोलिसांचे बंदी आदेश वेळोवेळी निघतात. नकाशा प्रत्येक वेळी उघडा. ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवणारा गॉगल घातला असेल तर बाजूला आकाशाकडे बघणारा जोडीदार हवाच. घारी झेप घेतात ते गॉगलमध्ये दिसत नाही.

गडांवरचं चित्रीकरण हे बऱ्याच जणांचं खरं स्वप्न असतं. पण रायगड, शिवनेरी ही पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारकं आहेत. परवानगीशिवाय तिथे ड्रोन काढायचा नाही. हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. शिवाय कोकणकड्यावर खालून वर येणारा वारा टोपीसुद्धा परत फेकतो. तिथे नवशिक्याच्या क्वाडचं काय होईल हे वेगळं सांगायला नको.

गावाकडे मोकळं रान आहे, पण तिथे आधी माणसं सांभाळा. २०२४च्या पावसाळ्यात मराठवाड्यात आणि पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रात्री ड्रोन फिरतात, चोर टेहळणी करतात अशी भीती पसरली आणि लोकांनी रात्री जागून काढल्या. त्यामुळे शेतमालकाला विचारा, पोलीसपाटलांना कळवा, अंधार पडायच्या आत आवरा. जमलेल्या पोरांना गॉगलमधून दाखवा. पुढच्या वेळी तीच पोरं उसात पडलेलं यंत्र शोधून देतात. उसावरून उडवणार असाल तर मोटारीचं बीपिंग रिमोटच्या एका बटणावर लावून ठेवा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, पानं कापतात.

"यात नोकरी आहे का?" आहे, पण ती या हौसेसारखी दिसत नाही. फवारणी किंवा मोजणीच्या व्यावसायिक कामाला सर्टिफिकेट लागतं: वय किमान १८, दहावी पास, आणि डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) मान्यता असलेल्या संस्थेत प्रशिक्षण. स्वामित्व योजनेतल्या गावठाण मोजणीसारख्या कामात यंत्र आखलेल्या रेषांवर स्वतःच उडतं. तुमच्या ॲक्रोच्या गिरक्या तिथे कुणी विचारत नाही. विचारतात ते हे, की उड्डाण मध्येच बिघडलं तर लॉग (उड्डाणाची नोंद) वाचून कारण सांगता येतं का, शेतात उभं राहून ईएससी बदलता येतो का. म्हणून क्वाड बांधताना ब्लॅकबॉक्स लॉगिंग, म्हणजे कंट्रोलरची ही नोंद ठेवण्याची सोय, सुरू ठेवा आणि प्रत्येक आपटीनंतर पंखे बदलण्याआधी तो लॉग उघडा.