पाहिलेल्या सिनेमावर चार ओळी लिहिण्याआधी

‘संवाद ऐकू येत नाहीत. सगळं अंधारातच घडतं. चित्र मालिकेसारखं दिसतं.’ घरी पाहिलेल्या सिनेमाबद्दल या तीन तक्रारी नेहमी कानावर येतात, आणि तिन्हींचा उपाय बऱ्याचदा रिमोटमध्ये असतो. सिनेमा आवडला की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पण मित्रमंडळींना सांगायला, ग्रुपवर टाकायला किंवा स्वतःच्या वहीत ठेवायला चार ओळी लिहिणार असाल, तर नावडलं ते सिनेमातलं की टीव्हीतलं, खुर्चीतलं की डबिंगमधलं, एवढं आधी निवडून घ्या. त्यासाठी पंधरा मिनिटं पुरतात, आणि टीव्हीचं काम तर एकदाच करायचं असतं.

टीव्हीचा दोष कसा ओळखायचा

सिनेमा साधारणपणे सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो. नवे टीव्ही दोन चौकटींच्या मधल्या जास्तीच्या चौकटी स्वतः बनवून घालतात. हालचाल गुळगुळीत होते आणि मेहनतीने उभारलेला प्रसंग दुपारच्या मालिकेसारखा दिसू लागतो. सॅमसंगमध्ये या सोयीचं नाव ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी, एलजीमध्ये ट्रूमोशन, सोनीमध्ये मोशनफ्लो. पिक्चर सेटिंगमध्ये शोधून ती बंद करा. क्रिकेटसाठी हवी असेल तर स्पोर्ट्स मोडमध्ये चालू राहू द्या. बहुतेक टीव्ही प्रत्येक मोडची सेटिंग वेगळी लक्षात ठेवतात.

मोड ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा असेल तर ‘फिल्ममेकर’ ठेवा. व्हिव्हिड किंवा डायनॅमिक मोड दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ग्राहकाचं लक्ष वेधायला असतो. त्यात गोरे चेहरे निळसर आणि सावळे चेहरे तांबूस होतात. सिनेमा मोडवर आल्यावर पहिली दहा मिनिटं सगळं पिवळट वाटेल, मग डोळे सरावतात. दहा मिनिटांच्या आत माघार घेणारेच जास्त, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

अंधाराच्या तक्रारीसाठी दोन गोष्टी पाहा. एक, वीजबचतीचा मोड. तो परस्पर उजेड कमी करतो. दुसरी, समोरची खिडकी. ‘तुंबाड’ पावसाळी आभाळाखाली आणि कंदिलाच्या उजेडात घडतो. तो दुपारी पडदे न लावता पाहिलात, तर त्यातल्या हस्तर या शापित देवाऐवजी स्वतःचा सोफा जास्त दिसेल. हाच सिनेमा २०१८ मध्ये आला, सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा थिएटरांत लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमावून गेला. त्यामागे तोंडी प्रसिद्धी होतीच, पण काळोखी खोलीचाही त्यात वाटा असावा.

संवादांचा घोळ जरा गुंतागुंतीचा आहे. सिनेमाचा आवाज ५.१ मध्ये मिसळलेला असेल, तर तो सहा वाटांनी येतो आणि संवाद बहुतांशी मधल्या स्पीकरला दिलेले असतात. टीव्हीला स्पीकर दोन, तेही खाली नाहीतर मागे तोंड करून बसवलेले. सहा वाटा दोनांत कोंबल्या की बोलणं दबतं आणि स्फोट मात्र शेजारच्या बिऱ्हाडात ऐकू जातो. ॲपमध्ये आवाजाच्या यादीत तीच भाषा दोनदा दिसत असेल, तर ज्यापुढे ५.१ लिहिलेलं नाही ती निवडा. तसा पर्याय नसेल तर टीव्हीच्या किंवा सेट-टॉप बॉक्सच्या साउंड सेटिंगमध्ये ऑडिओ आउटपुट पीसीएम अथवा स्टिरिओ करा. रात्री नाइट मोड लावला की कुजबुज आणि धमाका यांतलं अंतर कमी होतं. साउंडबारला मधला स्पीकर असेल, म्हणजे खोक्यावर ३.१ किंवा ५.१ लिहिलेलं असेल, तर मात्र हे काही करू नका, ५.१ च राहू द्या. इतकं करूनही शब्द कळले नाहीत, तर ‘ध्वनिमिश्रण कच्चं’ असं बेलाशक लिहा.

वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या की झूम दाबायची सवय असेल तर ती सोडा. २.३९:१ या रुंद चौकटीतला सिनेमा १६:९ च्या टीव्हीवर दाखवताना पडद्याचा सुमारे चौथा हिस्सा काळा राहणारच. झूम करून तो भरलात, की चित्राची तितकीच रुंदी दोन्ही कडांनी कापली जाते. दोन माणसं दोन टोकांना उभी करून त्यांच्यातला दुरावा दाखवलेला असेल, तर तुम्हाला अर्धा-अर्धा माणूस दिसेल आणि मत होईल, ‘फ्रेमिंग गंडलंय’.

टीव्हीपासून किती लांब बसायचं ते मोजायचं तर पट्टी घ्या: टीव्हीच्या कर्णाच्या १.६ पट. ५५ इंचीला सव्वादोन मीटर, म्हणजे साधारण साडेसात फूट. ४३ इंचीला पावणेसहा-सहा फूट. आपल्याकडे सोफा भिंतीला टेकलेला असतो आणि टीव्ही समोरच्या भिंतीवर, मधे बारा फूट. तिथून ४३ इंची पडदा नजरेचा जेमतेम १५ अंश व्यापतो. लांबचे शॉट पोकळ वाटतात ते त्यामुळे. सिनेमापुरती खुर्ची पुढे ओढा.

आणखी दोन गोष्टी प्रामाणिकपणे नोंदवा. दीडशे मिनिटांचा सिनेमा १.२५ पट वेगाने पाहिलात तर तो दोन तासांत संपतो. मग त्याच्या गतीवर बोलायचा हक्क उरत नाही. तीन रात्रींत तुकड्यातुकड्याने पाहिला असेल, तर ‘पकड घेत नाही’ हेही लिहू नका. पकड घ्यायला तुम्ही जागेवर होतात कुठे?

थिएटरात

जागा निवडताना पडद्यापासून दोन-तृतीयांश अंतरावरची, मधोमध. बारा रांगांच्या सभागृहात पडद्याकडून सातवी ते नववी. बुकिंग ॲपवर रांगेच्या अक्षरावर विसंबू नका. कुठे ए रांग पडद्याला चिकटून असते, तर कुठे सगळ्यात मागे. आराखड्यात ‘स्क्रीन’ कोणत्या बाजूला लिहिलंय ते पाहा. अगदी पुढे बसून हातात धरलेल्या कॅमेऱ्याचा सिनेमा पाहिला की डोकं दुखतं आणि राग संकलकावर निघतो.

चित्र निस्तेज वाटलं तर पडद्यावरच्या पांढऱ्या अक्षरांकडे पाहा. ती राखाडी दिसत असतील तर दोष प्रोजेक्टरचा. दिवा जुना झालेला असतो किंवा थ्रीडीची जोडणी न काढताच टूडी खेळ लावलेला असतो, त्यात प्रकाश निम्म्याहून कमी होतो. आवाजाचंही तसंच. ध्वनियंत्रावर ७ हा आकडा प्रमाण मानून मिश्रण केलेलं असतं, पण ‘फार मोठ्याने लावता’ अशा तक्रारींमुळे अनेक ठिकाणी तो ५ किंवा त्याखाली असतो. पहिल्या दहा मिनिटांतच बाहेरच्या कर्मचाऱ्याला सांगा. नंतर ऑपरेटर सापडत नाही.

मध्यंतर हा खास आपला मामला. आपले सिनेमे ‘इंटरव्हल पॉइंट’ धरून लिहिलेले असतात, त्यामुळे मध्यंतर कुठे आलं यावर टीका करायला हरकत नाही. परदेशी सिनेमात मात्र ते थिएटरवाले घालतात, कधी वाक्याच्या मधोमध. त्याचा राग दिग्दर्शकावर काढू नका.

सुरुवातीला सेन्सॉर प्रमाणपत्र दिसतं, ते वाचा. त्यावर लांबी आणि वर्ग असतो. यूए वर्गाचे आता ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग आहेत. लांबी लक्षात ठेवली तर पुढे ॲपवर आलेला सिनेमा तोच आहे की कापलेला-वाढवलेला, हे ताडता येतं. घरी पाहिलेल्या आवृत्तीवर लिहिताना मिनिटांचा आकडा टाकायचा तो याचसाठी.

आणि आवडलेला प्रसंग स्टेटसला टाकायला फोनवर टिपू नका. सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर थिएटरात परवानगीशिवाय चित्रीकरण केल्यास किमान तीन महिने कैद आणि तीन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे.

भाषा

ॲप बऱ्याचदा आपल्या मर्जीने हिंदी डब लावतं. मल्याळम किंवा तमिळ सिनेमाबद्दल ‘अभिनय कृत्रिम’ असं लिहायच्या आधी आवाज कुणाचा होता ते बघा. डबमध्ये नटाचा चेहरा त्याचा असतो, श्वास दुसऱ्याचा. मूळ भाषा आणि सबटायटल्स हाच चांगला मार्ग, पण इंग्रजी सबटायटल्सवरही फार भरवसा ठेवू नये. ‘तू’वरून ‘तुम्ही’वर आलेलं नातं तिथे नुसतं ‘यू’ राहतं.

‘कोर्ट’ या सिनेमात मराठी, हिंदी, इंग्रजी आणि गुजराती या चारही भाषा आहेत. कोण घरी काय बोलतं आणि न्यायालयात काय ऐकावं लागतं, यातूनच माणसांची पायरी कळते. तो एकाच भाषेत ऐकला तर निम्मा सिनेमा हातातून गेला.

बोलीबद्दल एक विनंती. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी ‘अस्सल’ आहे की नाही, हे ती घरात ऐकलेल्यानेच सांगावं. बाकीच्यांनी ‘कळली’ किंवा ‘कळली नाही’ एवढंच लिहिलं तरी पुरे. पुण्यात बसून वऱ्हाडीला प्रमाणपत्र देणारे काही कमी नाहीत.

लिहायला बसल्यावर

बाहेर पडल्याबरोबर तीनच गोष्टी टिपा: डोळ्यांपुढून न हटणारा एक प्रसंग, कानात राहिलेला एक आवाज, न पटलेली एक गोष्ट. मत दुसऱ्या दिवशी लिहा. त्याच रात्री लिहिलेलं मत शेवटच्या पंधरा मिनिटांचं असतं, आणि आठवडाभराने लिहिलेलं दुसऱ्यांच्या मतांचं.

पहिली ओळ परिस्थितीची: कुठे, कोणत्या भाषेत, किती मिनिटं, सलग की तुटक. मग कथेची दोन वाक्यं, पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत कळतं तेवढीच. ‘शेवटी मोठा धक्का आहे’ हेही फोडणंच झालं. ज्याला धक्का माहीत आहे तो दीड तास त्याचीच वाट पाहत बसतो.

पुढे कामाचं. ‘सिनेमॅटोग्राफी छान’ असं लिहिताना डोळ्यांपुढे जुना वाडा, पितळी भांडी आणि रंग उडालेली भिंत असेल, तर ते श्रेय आधी कलादिग्दर्शनाचं. उजेड कुठून येतो आणि कॅमेरा कधी हलतो, हे छायालेखन. गाणी आणि पार्श्वसंगीत कितीदा दोन वेगळ्या माणसांची असतात. श्रेयनामावली पाहून नाव लिहा. टाळ्यांची वाक्यं संवादलेखकाची. कुठला प्रसंग कशानंतर येतो ही पटकथा.

सर्वांत जास्त गैरवापर ‘संथ’ या शब्दाचा. तो लिहायचा मोह झाला की विचारा: शॉट लांब होते, की कळलेलीच गोष्ट पुन्हा सांगितली, की प्रसंग संपल्यावरही रेंगाळला? लांब शॉट ही निवड असू शकते. पुनरुक्ती हा पटकथेचा दोष, रेंगाळणं संकलनाचं. यातलं एक ठरलं की ‘संथ’ शब्दाची गरजच पडत नाही.

समजा एका काल्पनिक सिनेमावर कुणी लिहिलं: ‘स्टोरी ठीक, ॲक्टिंग मस्त, सेकंड हाफ स्लो. वन टाइम वॉच. ३/५.’ यातून वाचणाऱ्याला काहीच मिळालं नाही. तेच असं लिहून पाहा:

‘शनिवारी रात्री घरी, मूळ मल्याळममध्ये, इंग्रजी सबटायटल्ससह. १३८ मिनिटं, एका बैठकीत. रेशन दुकानातल्या काट्यावरून झालेलं भांडण पंचायतीच्या निवडणुकीपर्यंत जातं. दुकानदार झालेला नट खोटं बोलताना तेवढा नोटा मोजायला घेतो. हे दुसऱ्यांदा लक्षात आल्यावर मजा वाढली. मध्यंतरानंतर मात्र तोच वाद तीन वेगवेगळ्या माणसांपुढे जवळपास त्याच शब्दांत होतो. एक ठेवून दोन काढले असते तर चाललं असतं. पत्र्यावरच्या पावसाने संवाद बुडतात, आवाजाची सेटिंग बदलूनही बुडले. एक मारहाण आहे, रक्त दिसतं. दहा वर्षांखालच्या मुलांना नको. घरी पाहिला तरी चालेल.’

तारे द्यायचे तर द्या, पण त्याआधी ‘कुणी पाहावा आणि कुठे’ हे लिहा. मुलांबाबत ‘फॅमिलीसोबत बघण्यासारखा’ हे मोघम. शिव्या, मारहाण, शय्यादृश्य, भीती यांपैकी काय आणि किती ते सांगा, म्हणजे ज्याचं घर तो ठरवील.

महिनाभराचे पाच-सहा सिनेमे एकदम मांडायचे असतील तर सगळ्यांना सारखी जागा देऊ नका. एकावर दहा ओळी, बाकीच्यांवर दोन-दोन. विनोदी सिनेमा भरल्या थिएटरात पाहिलेला आणि गंभीर एकट्याने घरी, अशी जोडी असेल तर त्यांची तुलना टाळा. शेजारच्या हशाचे गुण पहिल्याला फुकट मिळालेले असतात.

अर्धवट सोडलेल्यावरही लिहिता येतं. फक्त कितव्या मिनिटाला सोडला तो आकडा टाका: ‘४२व्या मिनिटाला बंद केला.’ आणि पुढे कधी पुन्हा पाहून मत फिरलं, तर जुन्या ओळी पुसू नका. खाली नवी तारीख घालून, या वेळी कोणत्या पडद्यावर पाहिला ते लिहा.